आक्काचा हात वर होत नव्हता

नाताळच्या आदल्या आठवड्यात मी शिरूरहून दौंडला माझ्या थोरल्या बहिणीकडे गेले. दार तिनंच उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. तिचे केस कापलेले होते. मानेशी येऊन संपत होते, तेही एका बाजूला जरा खाली-वर. आक्का त्र्याहत्तर वर्षांची. आईचे केस आम्हा दोघींत फक्त तिला मिळाले होते. वेणी पांढरी झाली तरी कमरेखाली जायची, आणि रविवारी चर्चला निघण्याआधी ती स्वतः घालायला तिला कमीत कमी पाव तास लागायचा.

"केस कुठं गेले गं?" मी विचारलं.

"सुनेनं कापले," आक्का म्हणाली. "मीच म्हणलं काप. हात वर होत न्हाई, मग रोज विंचरायचे कुणी?"

एवढं बोलून ती पदर डोक्यावर घ्यायला गेली आणि तेही तिला जमलं नाही. उजव्या हातानं डावा कोपर धरून तिनं तो कसाबसा खांद्यापर्यंत नेला आणि सोडून दिला. मी तिचा पदर सारखा केला. मग आत जाऊन पिशवी ठेवली, पाणी प्याले, आणि माझ्या लक्षात आलं की मला इतका राग आलाय की कुणाशी धड बोलता येणार नाही.

राग आधी सुनेवर आला, कारण ती समोर होती. पण तिची बाजूही सांगते. ती साडेआठला कामावर जाते. माझा भाचा कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टमध्ये असतो. घरात दोन वर्षांची मुलगी. सकाळी डबे, मुलीचं आवरणं, आणि त्यात सासूची वेणी. तिनं काही महिने ती घातली. मग एक दिवस कात्री आणली. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

आणि माझा स्वतःचा दोष तर त्याच्याही आधीचा. आक्काचा पहिला फोन मला एप्रिलमध्ये आला होता. एका सकाळी जाग आली तर दोन्ही दंड, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि कंबर रात्रभर कुणी बडवल्यासारखी झाली होती, असं ती म्हणाली. मी त्या वेळी भाजी निवडत होते. मी म्हणाले, "आक्का, वय झालं आता आपलं. जरा शेक घे." तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई मी, त्यातली नऊ वर्षं निमोण्याला. मुलाचं गणित चुकलं तर 'मूल लहान आहे' असा शेरा मारून मी कधी वही बंद केली नव्हती. आणि बहिणीचं दुखणं मात्र एका वाक्यात मिटवून मी पुन्हा मेथी निवडायला लागले.

पुढच्या आठ महिन्यांत काय काय झालं, ते मला त्या दोन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी कळलं.

डावा हात दुखतोय म्हटल्यावर पहिल्यांदा सगळेच घाबरले होते. भाच्यानं कामावरून सुट्टी घेतली, आक्काला दवाखान्यात नेलं, छातीची ईसीजीची पट्टी काढली. पट्टी चांगली आली. हार्टचं काही नाही म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हे त्यांनी बरोबरच केलं. पण हार्टचं नाही याचा अर्थ घरात असा झाला की काहीच नाही. आक्काचे हात त्या दिवशी जेवढे दुखत होते तेवढेच दुसऱ्या दिवशीही दुखत होते, पण आता त्याची भीती कुणाला वाटत नव्हती.

दुखणं थांबेना म्हणून मग हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढायला सांगितला. तो खिडकीच्या उजेडात धरून ते म्हणाले की मणक्यात गॅप आहे. आक्कानं सांगायचा प्रयत्न केला की मणक्यापेक्षा दंड जास्त दुखतात, कुशीवर वळता येत नाही, मोरीतून उठताना कुणीतरी धरावं लागतं. ते म्हणाले, "आजी, गाडी जुनी झाली की आवाज करणारच." गळ्याला एक पट्टा दिला, कमरेला एक दिला, गोळ्या दिल्या. आक्काच्या खांद्याला त्यांनी हात लावला नाही. हात वर करून दाखवा असंही म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर तिथंच दिसलं असतं की हात वर जातच नाहीत, आणि तेही एक नाही, दोन्ही.

मला हे ऐकताना सगळ्यात जास्त चीड त्या गाडीची आली. आक्का गाडी नाही. तिनं सव्वीस वर्षं एका दवाखान्यात आयाचं काम केलं. आपल्यापेक्षा दुप्पट वजनाच्या माणसांना तिनं कुशीवर वळवलं, बेडपॅन दिले, पाठी पुसल्या. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बाईच्या पाठीला हात लावल्याशिवाय तिचं काय दुखतंय ते कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच बहुतेक ती पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेली नाही.

मग ज्याला जे सुचलं ते सुरू झालं. शेजारणीनं एक चोळणारी बाई आणली. तिनं इतकं रगडलं की आक्का दोन दिवस उठली नाही. कुणी म्हणालं वात आहे, दही सोड. कुणी म्हणालं गॅस पाठीत गेलाय. कुणी म्हणालं उशी बदल. आयाचं काम केलंस त्याचं हे फळ, असं तर जवळपास प्रत्येकानं सांगितलं. आजाऱ्याची सेवा केल्याचं फळ आठ महिन्यांचं दुखणं, हे बोलताना कुणाला काही खटकलं नाही. बाजाराजवळ एक सुईवाला डॉक्टर बसतो. त्याच्या एका इंजेक्शननं आक्का तीन-चार दिवस एकदम ठणठणीत झाली. स्वतः भाकऱ्या केल्या, म्हणे. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. परत इंजेक्शन, परत चार दिवस. सुईत काय आहे हे त्यानं सांगितलं नाही. आक्कानं विचारलं होतं. तो म्हणाला, ताकदीचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आक्काला उठताना पाहिलं. सहाला जाग आली तरी ती पडून राहिली. मग पाय पलंगाखाली सोडले, पण हातांवर जोर देता येत नसल्यानं धड उठून बसता येईना. मी धरलं. बसल्यावर बराच वेळ ती तशीच राहिली, हात मांडीवर टाकून. दात घासायला ब्रश तोंडाकडे नेण्याऐवजी तिनं मान खाली आणून तोंड ब्रशाकडे नेलं. चहाचा कप दोन्ही हातांनी. नऊ वाजेपर्यंत हे असंच. आणि मग हळूहळू ती सैल होत गेली. अकराच्या सुमारास तिनं नातीला खिमट भरवलं. दुपारी तर पाय पसरून लसूण सोलत बसली होती.

त्या दिवशी सुनेला सुट्टी होती. तेव्हा स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली, "मावशी, राग मानू नका, पण तुम्हीच बघा. सकाळी कामाच्या वेळी आईंचं सगळं दुखतं. मी ऑफिसला गेले की दुपारी बरं असतं. मी काय समजायचं?"

आता लिहिते आहे म्हणून खरंच लिहिते: एक क्षण मलाही वाटलं की हिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आक्का एकटी पडली आहे, भावजी जाऊन सहा वर्षं झाली, माणसाला लक्ष हवं असतं, असं काहीतरी मी मनात जुळवलंसुद्धा. मग मी बाहेर आले, तर आक्का खिडकीकडे तोंड करून बसली होती. भिंतीपलीकडचं तिला ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, "मला बी कळत न्हाई गं, सकाळी एवढं दुखून दुपारी का बरं वाटतं ते. मलाच माझा संशय यायला लागलाय."

त्या वाक्यानं मी जागी झाले. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचं दुखणं खरं मानणाऱ्या बाईला स्वतःच्या दुखण्याचा संशय यावा, इथपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून तिला आणलं होतं. मी भाच्याला सांगितलं की नाताळ झाला की मी हिला शिरूरला नेणार. तो म्हणाला, मावशी, सगळं करून झालंय. मी म्हणाले, मग आणखी एक करू.

सव्वीस तारखेला आम्ही एसटीनं निघालो. पायरी चढताना आक्काला दांडा धरता येईना. मी मागून कमरेला आधार दिला, कंडक्टरनं वरून दंडाला धरून ओढलं आणि ती कळवळली. त्या बिचाऱ्याला काय माहीत. चौफुल्यापर्यंत ठीक होतं. पुढं न्हावऱ्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या पुढं लागल्या आणि ब्रेक मारत मारत गाडी चालली. प्रत्येक धक्क्याला आक्का डोळे मिटायची. शिरूर येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली, की घरी पडून राहिले असते तर बरं झालं असतं.

शिरूरला एका जुन्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई आठवड्यातून दोन दिवस बसतात. स्वतः सत्तरी ओलांडलेल्या आहेत आणि फार बोलत नाहीत. मी एक्स-रे, गोळ्यांच्या पट्ट्या, दोन्ही पट्टे, सगळं टेबलावर मांडलं आणि बोलायला सुरुवात केली. त्यांनी मला थांबवलं आणि आक्काकडे वळून विचारलं, "सकाळी उठल्यावर अंग सैल व्हायला किती वेळ लागतो?"

आक्काला वाटलं असावं की इथंही तेच निघणार. ती म्हणाली, "दोन-अडीच तास. पण बाई, मी सोंग न्हाई करत."

"सोंग कोण म्हणालं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. आक्कानं माझ्याकडे बघितलं नाही, पण मी खाली बघितलं.

मग त्यांनी हात वर करायला सांगितले. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला सांगितलं. खांदे, दंड, मान, मांड्या दाबून बघितल्या. डोकं दुखतं का, कानशिलं दुखतात का, चावताना जबडा भरून येतो का, दिसायला काही कमी-जास्त झालंय का, असं एकेक विचारलं. आक्का नाही म्हणत गेली. मध्ये कधी एकदम बरं वाटलं होतं का, यावर आक्कानं सुईवाल्याचं सांगितलं. डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, त्यानं काय टोचलं ते मला साधारण कळलंय. न सांगता टोचायला नको होतं. मग रक्त तपासायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. त्यातला अंगातली सूज दाखवणारा ईएसआर नावाचा आकडा पुष्कळ वाढलेला होता. ही तपासणी काही मोठी नाही, तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होते. डॉक्टरबाईंनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, ते मी वहीत लिहून घेतलं: पॉलिमायाल्जिया. उतारवयातच होतो, त्यातही बायकांना जास्त. अंगातली संरक्षण करणारी शक्तीच बिघडते, खांद्यांना आणि कमरेला सूज येते, आणि सकाळी अंग लाकडासारखं होऊन दुपारपर्यंत सैल होणं हीच त्याची खूण. मणक्यातला गॅप या वयाच्या बऱ्याच माणसांच्या एक्स-रेत दिसतो, त्या म्हणाल्या; ज्यांचं काही दुखत नाही त्यांच्याही.

म्हणजे जी गोष्ट घरात आक्काविरुद्ध पुरावा म्हणून धरली गेली, तीच तिच्या आजाराची ओळख होती. ती तिनं हाडांच्या डॉक्टरांनाही सांगितली असती, पण त्यांनी विचारलंच नाही. मला फोनवर ती सांगत होती तेव्हा मी मेथी निवडत होते.

गोळी बारीक होती, सकाळी एक, काही खाऊन. स्टेरॉइड आहे, सुईवाल्याच्या इंजेक्शनातही बहुतेक तेच होतं, मनानं वाढवायची नाही आणि मनानं बंदही करायची नाही, हळूहळू कमी करत वर्षभर, कदाचित दोन वर्षं घ्यावी लागेल, असं डॉक्टरबाईंनी दोनदा बजावलं. साखर आणि हाडं यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं, कॅल्शियम दिलं.

आक्का माझ्याच घरी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात होते तर आत डबा ठेवल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर आक्का ओट्याशी उभी. वरच्या फळीवरचा रव्याचा डबा तिनं काढला होता. सकाळचे सात वाजले होते. मला वाटलं ती हसेल, देवाचे आभार मानेल. तिनं डबा खाली ठेवला, दोन्ही हात वर नेले, खाली आणले, पुन्हा वर नेले आणि रागानं रडायला लागली.

"आठ महिने," ती म्हणाली. "तीन दिवसांच्या गोळीसाठी आठ महिने मी मांजरासारखी ब्रशाला तोंड लावत हुते. पोरीला एकदा उचलून घेतलं न्हाई मी. ती आता माझ्याकडं हात बी करत न्हाई."

मी तिला गप्प बस म्हणाले नाही. तिला रडायचा हक्क होता. मीही तिच्यासमोर एप्रिलमधलं माझं बोलणं कबूल केलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, ध्यानात हाय माझ्या.

पंधरा दिवसांनी ती दौंडला परत गेली. पुढचा फोन सुनेचा आला, फेब्रुवारीत. आईंना उलट्या होतायत, उभं राहवत नाही, आणि हात पुन्हा तसेच झालेत. मी विचारलं गोळी चालू आहे ना. तेव्हा कळलं की भाच्यानं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघितला होता, स्टेरॉइडनं हाडं विरघळतात म्हणून, आणि आईच्या काळजीपोटी आठ दिवसांपूर्वी पाकीट कपाटात ठेवून दिलं होतं. डॉक्टरबाईंचा कागद त्याच कपाटाच्या दारावर चिकटवलेला होता.

आयुष्यात मी त्या मुलावर पहिल्यांदा ओरडले. आठ महिने आई उठताना कण्हत होती तेव्हा याला काही शोधावंसं वाटलं नाही, आणि ती बरी झाल्यावर यानं मोबाइल उघडला. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, भीती वाटली. तिला काही झालं तर?" मी म्हणाले, फोन डॉक्टरांना करायचा होतास, नंबर कागदावर आहे. त्याच दिवशी तो तिला गाडी करून शिरूरला घेऊन आला. डॉक्टरबाईंनी त्याला बाहेर पाठवलं नाही. समोर बसवून गोळी अचानक बंद केली की शरीरात काय होतं ते समजावून सांगितलं. त्यानंतर गोळ्यांचा हिशेब तोच ठेवतो. सून मात्र नंतर एकदा माझ्याजवळ बसून म्हणाली, "सकाळीच जास्त दुखणं असंही असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं हो." तिचं खरं होतं. तिला सांगणार कोण होतं?

माझा राग मात्र कुठंतरी उतरवायचा राहिला होता. मार्चमध्ये दौंडला गेले तेव्हा मी एक्स-रे आणि ईएसआरचा कागद घेऊन त्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, पेशंट म्हणून नंबर लावून. कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि सांगितलं की या बाईंचे हात आता वर होतात. त्यांनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं हे दिसत होतं. पण ते म्हणाले, "मग परत का नाही आणलं दाखवायला? एका भेटीत सगळं कळत नाही." मी म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही तिला जुनी गाडी म्हणालात. परत कशाला येईल ती?" त्यांना आठवत नव्हतं. दारात पुढचा पेशंट उभा होता, तोही म्हातारा, कमरेला हात लावून. मी उठले. त्यांनी माझ्याकडून फी घेतली नाही, हे मला जास्तच लागलं.

ईस्टरच्या आधी दौंडच्या चर्चमध्ये महिलांच्या सभेत आक्कानं साक्ष दिली. आमच्यात बरं झालेलं माणूस उभं राहून देवानं काय केलं ते सांगतं. मी तिच्या शेजारी बसले होते. आक्का म्हणाली की देवानं मला बरं केलं, त्याचे उपकार आहेत, पण त्याच्याआधी आठ महिने मी जवळजवळ प्रत्येकीला सांगत होते की माझे हात वर होत नाहीत, आणि प्रत्येकीनं मला माझं वय सांगितलं. ते मला ठाऊक होतं, असं म्हणून ती खाली बसली. एक-दोघीच हसल्या.

सभा संपल्यावर खुटबावहून आलेली एक बाई आमच्याजवळ आली. साठीची, शेवंती आणि झेंडू लावतात त्यांच्याकडे. लेकीकडे पाहुणी आली होती आणि तिच्यासोबत सभेला बसली होती. ती म्हणाली, माझा बी डावा दंड आन् पाठ दुखते, दोन महिने झाले, घरचे म्हणत्यात फुलं तोडून तोडून दुखतंय. आक्काचे डोळे चमकले. माझेही. मी ताबडतोब सांगून टाकलं की अगदी हिच्यासारखंच आहे, शिरूरच्या बाईंकडे चला. आक्का तर म्हणाली, माझ्याकडं गोळ्या हायेत, तवर दोन घेऊन बघा. मी तिला अडवलं. पण खोटं कशाला बोलू, गोळी बरोबर नाही म्हणून नाही, आक्काला कमी पडायला नको म्हणून अडवलं.

त्याच आठवड्यात तिचा मुलगा तिला घेऊन शिरूरला आला. मीही गेले आणि आत शिरताशिरता डॉक्टरबाईंना सांगितलं की माझ्या बहिणीचाच आजार आहे. माझ्याकडे न बघता त्यांनी त्या बाईला विचारलं, कधी दुखतं.

"फुलांची पाटी घेऊन बांध चढते ना, तवा," ती म्हणाली. "मंग खाली बसले की ऱ्हातं."

"सकाळी उठताना?"

"सकाळी काय न्हाई. सकाळी मी चांगली असते."

डॉक्टरबाईंनी तिला हात वर करायला सांगितले. दोन्ही हात सरळ वर गेले. माझी चूक मला तेव्हाच कळली. त्यांनी तिथंच पट्टी काढली, ती बराच वेळ बघितली आणि मुलाला सांगितलं की हिला घरी न्यायचं नाही, आत्ता इथूनच पुण्याला न्यायचं, हृदयाच्या डॉक्टरांकडे. छातीत कधी दुखलं नाही हो, ती बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. बायकांचं पुष्कळदा छातीत दुखत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या, हातात आणि पाठीतच दुखतं. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी मान वर न करता मला म्हटलं, "बाई, पुढच्या वेळी पेशंटला आधी बोलू द्या."

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. आठ महिने न विचारता निदान करणाऱ्यांवर मी जळफळत होते, आणि माझं निदान करून व्हायला चर्चच्या दारात अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. आक्कानं खरंच गोळ्या दिल्या असत्या, बाई बरं वाटेल म्हणून आणखी आठ दिवस थांबली असती, तर काय झालं असतं याचा विचार मी त्या बाकावर बसून केला आणि आक्कालाही फोनवर सांगितला.

पुण्यात त्या बाईच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. चार-पाच दिवसांनी ती खुटबावला परत आली. मुलाचा फोन आला की आई बरी आहे. मग मेमध्ये तिचा स्वतःचा फोन आला. आवाज खणखणीत होता, पण चिडलेला. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला रोज चालायला आणि जमेल तेवढं काम करायला सांगितलंय, तसं कागदावर लिहूनही दिलंय. घरचे मात्र तिला मळ्यात पाऊल टाकू देत नाहीत. शेवंतीची रोपं लावायला आलीत, बाया कशाही लावतायत, आणि हिला ओट्यावर खुर्ची टाकून दिलीय.

"मी मेले न्हाई, पण ह्यांनी मला बसवून ठिवलंय," ती म्हणाली. "तुम्ही मास्तरीण हाय ना. तुम्हीच सांगा ह्यांना."

मी तिला विचारलं की चालताना दम लागतो का, हात दुखतो का, बांध चढून बघितला का. दम लागत नाही, हात दुखत नाही, बांध कुणी चढूच देत नाही, असं ती एकेक सांगत गेली आणि मी या वेळी मध्ये बोलले नाही. सगळं ऐकून झाल्यावर मी म्हणाले, तो कागद हातात घ्या आणि फोन मुलाकडे द्या.